धर्म आणि देशादेशांचं एकत्र येणं : नुसतं ‘धर्म कोणता?’ विचारून भागत नाही

सोलापुरात राज्यशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : ‘युरोपात कॅथलिक लोक युरोपीय महासंघाला जास्त पाठिंबा देतात आणि प्रोटेस्टंट कमी, असं वाचलं. हे खरं आहे का, आणि असेल तर कशामुळे? सार्क या दक्षिण आशियाई संघटनेतल्या देशांच्या सहकार्याबद्दल सोलापूर शहरात ४०० जणांची पाहणी करायचा विचार आहे. त्यात धर्माचा प्रश्न कसा विचारावा?’

आधी पहिल्या भागाचं उत्तर. हे खरं आहे, पण अर्धंच. युरोबॅरोमीटर ही युरोपीय महासंघाची जनमत पाहणी १९७० च्या दशकापासून चालू आहे, आणि तिच्या आकड्यांत कॅथलिक-प्रोटेस्टंट फरक पुन्हा पुन्हा दिसला आहे. मात्र तो सगळ्या देशांत सारखा नाही, आणि नंतरच्या पिढ्यांत तो पुसट होत गेला आहे. धर्म माणसाच्या मतापर्यंत एकाच वाटेने पोचत नाही, हे त्याचं मुख्य कारण. एक वाट म्हणजे त्या पंथाची राष्ट्र आणि राज्यसत्ता यांबद्दलची जुनी समजूत. दुसरी वाट आचरणाची : माणूस प्रार्थनेला किती नेमाने जातो, कोणाचं ऐकतो आणि सांगणारा काय सांगतो. तिसरी वाट ‘आपले कोण, परके कोण’ या रेषेची. या तिन्ही वाटा कधी एका दिशेने नेतात, कधी एकमेकींच्या उलट. तुमच्या प्रश्नावलीने त्या वेगळ्या केल्या नाहीत, तर ४०० मुलाखतींनंतर हाती येईल ती एक सरासरी, आणि त्या सरासरीचा अर्थ कोणालाच लावता येणार नाही.

पहिल्या वाटेचा इतिहास नीट समजून घ्या. १९५१ मध्ये पॅरिसच्या कराराने कोळसा-पोलाद समुदाय, म्हणजे आजच्या महासंघाचं पहिलं रूप, उभा राहिला. त्यामागचे तीन मोठे पुढारी फ्रान्सचे रॉबर्ट शुमन, पश्चिम जर्मनीचे कॉनराड आडेनॉवर आणि इटलीचे अल्चिदे दे गास्पेरी. तिघेही श्रद्धाळू कॅथलिक, तिघेही ख्रिस्ती लोकशाहीवादी पक्षांचे. कॅथलिक चर्चचं केंद्र देशाबाहेर, रोममध्ये आहे. त्यामुळे देशाच्या वरही एखादी अधिकारसंस्था असू शकते, ही कल्पना कॅथलिक मनाला परकी वाटत नाही. निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर व्हावा आणि वरच्याने फक्त खालच्याला न जमणारं काम हाती घ्यावं, हे तत्त्व पोपच्या १९३१ च्या परिपत्रकात ठळकपणे मांडलेलं आहे. तेच तत्त्व पुढे १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात महासंघाचं अधिकृत तत्त्व झालं. धर्मविचारातून निघालेली कल्पना थेट करारात उतरल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडतं.

प्रोटेस्टंट देशांत गोष्ट वेगळी घडली. इंग्लंडच्या राजाने १५३४ मध्ये पोपची सत्ता झुगारली. स्कँडिनेव्हियात ल्यूथरन चर्च हे राज्याचंच चर्च झालं. तिथे धर्मसुधारणा आणि राष्ट्राचं स्वातंत्र्य या गोष्टी एकमेकींत विणल्या गेल्या. पुढे माणसं चर्चला जायची थांबली, तरी ‘बाहेरच्याने आमच्यावर हुकूम चालवू नये’ ही भावना उरली. नॉर्वेने १९७२ आणि १९९४ अशी दोनदा सदस्यत्वाला नकार दिला. डेन्मार्कने १९९२ मध्ये मास्ट्रिख्ट करार ५०.७ टक्के मतांनी फेटाळला, आणि सवलती मिळाल्यावर पुढच्या वर्षी स्वीकारला. स्वीडनने २००३ मध्ये युरो नाकारला. या भावनेचं सगळ्यात टोकाचं रूप ११ ऑक्टोबर १९८८ रोजी दिसलं. पोप जॉन पॉल दुसरे युरोपीय संसदेत बोलत असताना उत्तर आयर्लंडचे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक आणि खासदार इयन पेस्ली उभे राहिले, पोपना ख्रिस्तविरोधी म्हणत ओरडू लागले, हातातला फलक दाखवू लागले, आणि शेवटी त्यांना सभागृहाबाहेर काढावं लागलं. हेच पेस्ली १९७९ पासून त्याच संसदेत निवडून येत होते. म्हणजे संस्थेत बसणं आणि संस्था मान्य असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मत मोजताना हा फरक सोडू नका.

दुसऱ्या वाटेचं उदाहरण पोलंड. देश कॅथलिक, पण चर्चमधून एकच आवाज येत नव्हता. तेव्हाचे पोप स्वतः पोलिश होते आणि त्यांनी महासंघात जाण्याला उघड पाठबळ दिलं. त्याच वेळी रेडिओ मारिया हे कॅथलिक नभोवाणी केंद्र महासंघाविषयी अविश्वास पेरत होतं. जून २००३ च्या सार्वमतात सुमारे ७७ टक्के मतं होकाराची पडली. असा प्रसंग आला की ‘चर्चला किती वेळा जाता?’ एवढ्यावर थांबता येत नाही. तिथे कोणाचं ऐकता, हेही विचारावं लागतं. आयर्लंडचंही तसंच. कॅथलिक आयर्लंडने २००१ मध्ये महासंघाचा नीसचा करार आणि २००८ मध्ये लिस्बनचा करार नाकारला, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या सार्वमतात स्वीकारला. गर्भपाताविषयीचा देशाचा कायदा ब्रुसेल्स, म्हणजे महासंघ, बदलेल ही भीती तिथल्या प्रचारात होती, म्हणून मास्ट्रिख्टपासूनच आयर्लंडसाठी त्याबद्दलची वेगळी हमी करारात जोडलेली आहे. शिकवण महासंघाच्या बाजूची आणि नीतिमत्तेची चिंता विरोधात, असं एकाच माणसाच्या मनात असू शकतं.

तिसरी वाट सध्या सगळ्यात वजनदार आहे. तुर्कस्तानाने १९८७ मध्ये सदस्यत्वासाठी अर्ज केला, २००५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, आणि पुढे त्या ठप्प झाल्या. त्याला लोकशाहीची आणि सायप्रस बेटाच्या वादाची खरी कारणं आहेत. पण सामान्य मतदाराच्या विरोधात ‘ते मुसलमान आहेत’ हा भाग मोठा होता. दुसऱ्या धर्माच्या माणसांबद्दल मनात अढी असेल तर महासंघाबद्दलही अढी बसते, मग तो माणूस स्वतः कॅथलिक असो, प्रोटेस्टंट असो की कधी चर्चची पायरी न चढणारा. महासंघाच्या घटनेच्या उद्देशिकेत ख्रिस्ती वारशाचा उल्लेख असावा का, यावर २००३-०४ मध्ये मोठा वाद झाला. शेवटी ‘सांस्कृतिक, धार्मिक आणि मानवतावादी वारसा’ अशी शब्दयोजना झाली. ती घटना बारगळली, पण हे शब्द लिस्बन करारात आले.

ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाच्या देशांकडे बघताना घाई करू नका. तिथे बहुतेक चर्च राष्ट्रीय आहेत, म्हणून ते प्रोटेस्टंटांसारखे वागतील असं वाटतं. ग्रीसमध्ये २००० साली ओळखपत्रावरून धर्माची नोंद काढली तेव्हा चर्चने मोठी सह्यांची मोहीम चालवली. तरीही ग्रीस १९८१ पासून सदस्य आहे. मोल्दोव्हात तर ऑर्थोडॉक्स श्रद्धाळूच दोन चर्चप्रांतांत वाटले गेले आहेत, एक मॉस्कोशी जोडलेला आणि एक रोमानियाशी. ‘ऑर्थोडॉक्स’ असा एकच खाना करणाऱ्या पाहणीला तिथलं राजकारण दिसणारच नाही.

समान धर्म असला की देश एक होतात, हा समजही सोडून द्या. इजिप्त आणि सीरिया १९५८ मध्ये एक झाले आणि १९६१ मध्ये फुटले. पाकिस्तानचे दोन भाग एकाच धर्माच्या आधारावर एक राष्ट्र म्हणून उभे केले, आणि १९७१ मध्ये भाषा, सत्ता आणि पैसा या प्रश्नांवर वेगळे झाले. नेपाळ बहुसंख्य हिंदू आहे. १९५० च्या करारापासून भारत-नेपाळ नागरिकांना एकमेकांच्या देशांत मोकळेपणाने जाता येतं. पण २०१५ च्या नाकेबंदीनंतर तिथे भारताविषयी किती राग होता ते आठवा. समान धर्मामुळे येणंजाणं सोपं होतं. सत्ता वाटून घेणं त्यामुळे सोपं होत नाही.

आता सोलापूरची पाहणी. सगळ्यात आधी ज्याबद्दल मत विचारायचं ती गोष्ट ठोस करा. ‘सार्क देशांनी राजकीयदृष्ट्या एकत्र यावं का?’ असं विचारलंत तर बहुतेक जण ‘यावं की, चांगलंच आहे’ म्हणतील आणि विसरून जातील. सार्क १९८५ मध्ये ढाक्यात स्थापन झाली आणि तिची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूत झाली. आज विशीतल्या मुलाने तिचं नावही ऐकलेलं असेलच असं नाही. त्याऐवजी पाच पायऱ्या वेगवेगळ्या विचारा : व्हिसाशिवाय येणंजाणं, जकात न लावता माल आणणं-पाठवणं, एकमेकांच्या देशात नोकरीची मोकळीक, सगळ्या देशांचं मिळून एक चलन, आणि ज्याचा निकाल भारत सरकारवरही बंधनकारक असेल असं सामाईक न्यायालय. खऱ्या अर्थाने राजकीय एकत्रीकरण शेवटच्या दोन पायऱ्यांवर आहे. पहिल्या तिन्हींना हो आणि शेवटच्या दोन्हींना नाही म्हणणारे भरपूर सापडतील, आणि खरा निष्कर्ष तिथेच दडलेला असतो.

तीर्थयात्रेचा प्रश्न या पाचांत मिसळू नका, तो वेगळा ठेवा. पाकिस्तानातल्या कर्तारपूरच्या गुरुद्वाऱ्याकडे जाणारा मार्ग ९ नोव्हेंबर २०१९ रोजी खुला झाला आणि भारतीय यात्रेकरू तिथून व्हिसाशिवाय जाऊ लागले. अशा मार्गाला अत्यंत श्रद्धाळू माणूस हो म्हणेल, आणि तोच माणूस सामाईक न्यायालयाला ठाम नाही म्हणेल. सोलापुरातल्या बौद्धांसाठी नेपाळातली लुंबिनी आहे, हिंदूंसाठी पशुपतिनाथ. आषाढीला कर्नाटकातल्या दिंड्या सीमा ओलांडून पंढरपुरात येतात, म्हणून कोणी दोन राज्यं एक करा म्हणत नाही. देशांच्या बाबतीतही भक्तीची वाट आणि सत्तेची वाट निराळी आहे.

धर्माचे प्रश्न चार भागांत विचारा. पहिला, उत्तरदात्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलेला धर्म. तो जसाच्या तसा लिहून घ्या, खाने नंतर करा. सोलापुरात याला फार महत्त्व आहे. बाळीवेशीतल्या एकाच घरात एक जण ‘हिंदू’, दुसरा ‘लिंगायत’ आणि तिसरा ‘वीरशैव’ सांगेल. मुलाखतकाराने आपल्या मनाने ‘हिंदू’वर खूण केली की ही माहिती कायमची गेली. समाज किंवा जात हा वेगळा प्रश्न ठेवा आणि मातृभाषा तिसरा, कारण इथे तेलुगू म्हटलं की पद्मशाली, कन्नड म्हटलं की लिंगायत अशी जोडी बरीच जुळते. भाषेचा परिणाम धर्माच्या नावावर चढतो.

दुसरा भाग आचरणाचा. युरोपातला ‘प्रार्थनासभेला किती वेळा जाता?’ हा प्रश्न इथे भाषांतर करून चालणार नाही. लिंगायत माणसाची इष्टलिंगपूजा घरात होते. मुस्लिम स्त्रिया नमाज बहुधा घरीच पढतात. देवळात वर्षातून दोनदाच जाणारी बाई रोज पहाटे देवपूजा करते. म्हणून रोजची घरातली पूजा, नमाज किंवा प्रार्थना. देऊळ, मशीद, विहार किंवा चर्चमध्ये जाणं. उपवास किंवा रोजे. आणि कीर्तन, प्रवचन किंवा बयान ऐकणं, असे चार प्रश्न करा. ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस?’ असं विचारा; ‘नेहमी करता का?’ असं विचारलं की सगळेच नेहमी करतात. श्रावण, रमजान आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा हे काळ टाळा, नाहीतर आचरणाचे आकडे फुगलेले येतील.

तिसरा भाग सांगणाऱ्यांचा : देशाच्या प्रश्नांबद्दल कोणाचं म्हणणं मनावर घेता? महाराज, स्वामी, मौलाना, पाद्री, भन्ते, घरातले, पक्षाचे कार्यकर्ते, मोबाइलवरचे व्हिडिओ. आणि त्यांच्याकडून शेजारी देशांबद्दल गेल्या महिन्यात काही ऐकलं का, हेही. चौथा भाग आपले-परकेपणाचा : दुसऱ्या धर्माचं कुटुंब शेजारी राहायला आलं तर? मुलामुलीचं लग्न दुसऱ्या धर्मात झालं तर? हे प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. आधी विचारले तर पुढची देशांबद्दलची सगळी उत्तरं त्यांच्या रंगात रंगतात.

शेजारी देशाच्या धर्माचा परिणाम मोजायचा असेल तर थेट ‘नेपाळ’ आणि ‘बांगलादेश’ यांची तुलना करू नका. नेपाळशी सीमा आधीच खुली आहे, बांगलादेशचा विषय घुसखोरीच्या वादात अडकलेला आहे, आणि सोलापूरकराच्या मनात बांगलादेश म्हटलं की कापड उद्योगातली स्पर्धाही येते. टॉवेल-चादरीच्या कारखानदाराने बिनजकातीच्या मालाला विरोध केला तर तो पोटासाठी केलेला असतो, धर्मासाठी नाही. त्याऐवजी प्रश्नाचे दोन नमुने छापा : ‘समजा शेजारी एक छोटा देश आहे, उत्पन्न भारताइतकंच, तिथले बहुसंख्य लोक हिंदू आहेत’ आणि दुसऱ्यात फक्त ‘मुस्लिम आहेत’. बाकी एकही शब्द बदलायचा नाही. कोणाला कोणता नमुना द्यायचा ते आधीच चिठ्ठ्यांनी ठरवून प्रश्नावलीवर क्रमांक घाला, मुलाखतकाराच्या मर्जीवर सोडू नका.

नमुन्याचं गणित आधी करा. ४०० जण पूर्ण यादृच्छिक निवडले तर टक्केवारीत साधारण ४.९ ची चूक धरावी लागते. पण तुम्ही मतदान केंद्रांच्या याद्या घेऊन वस्त्यांमध्ये जाणार, आणि सोलापुरात वस्त्या धर्मानुसार बऱ्याच वेगळ्या आहेत. एकाच वस्तीतली माणसं एकमेकांसारखी उत्तरं देतात. हे साम्य शून्य ते एक या मापावर ०.०५ धरलं तर २० केंद्रांवर प्रत्येकी २० जण घेतल्यास ४०० मुलाखतींची किंमत जेमतेम २०५ यादृच्छिक मुलाखतींइतकी राहते आणि चूक ६.८ वर जाते. ४० केंद्रांवर प्रत्येकी १० घेतले तर किंमत २७६ आणि चूक ५.९. रिक्षाचा खर्च वाढेल, पण वाढू द्या. केंद्राच्या यादीत १२०० नावं असतील तर चिठ्ठीने पहिलं नाव काढून दर ८० वं नाव घ्या, म्हणजे १५ नावं मिळतील, त्यांतून १० भेटतील. घर सापडलं नाही म्हणून शेजारच्याला विचारून घेणं हा सगळ्यात सर्रास होणारा घोटाळा आहे, कारण दुपारी घरी असलेलीच माणसं मग पाहणीत भरतात. वेगवेगळ्या वेळी तीनदा जा. यंत्रमाग कामगार पाळीवर असतो. बिडी वळणाऱ्या बायका गल्लीत घोळक्याने बसलेल्या असतात. तिथे एकीला प्रश्न विचारला की चौघी उत्तर देतात आणि धर्माच्या प्रश्नावर सगळ्यांचं उत्तर एकच येतं. तिला बाजूला, ओसरीवर किंवा घरात बसवून विचारा.

शहरात मुस्लिम साधारण पाचवा हिस्सा आहेत, म्हणजे ४०० त ८०. त्यांची उरलेल्या ३२० जणांशी तुलना केली तर सुमारे १२ टक्क्यांपेक्षा कमी फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. धर्मांची तुलना हाच मुख्य हेतू असेल तर २०० आणि २०० घ्या. ती मर्यादा १० च्या आसपास येते. मग शहराचा एकूण आकडा काढताना मुस्लिम उत्तरदात्याला ०.४ आणि बाकीच्यांना १.६ असं वजन द्यायला विसरू नका. या वजनामुळे एकूण आकड्यापुरती तुमच्या ४०० मुलाखतींची किंमत २९४ च्या आसपास उतरते, तेही वस्त्यांचा परिणाम धरण्याआधी. ख्रिस्ती, जैन, बौद्ध यांची संख्या नमुन्यात इतकी थोडी येईल की त्यांची टक्केवारी छापूच नका. त्यांच्यासाठी वेगळ्या सविस्तर मुलाखती घ्या.

प्रश्नावली मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत लागेल. एकाने भाषांतर करावं, दुसऱ्याने मूळ न बघता ते परत मराठीत आणावं, आणि जिथे अर्थ सरकला तिथे तिघांनी बसून दुरुस्त करावं. शून्य ते दहाची मोजपट्टी इथे कागदावर चालते, दारात चालत नाही. ‘पूर्ण मान्य, थोडं मान्य, थोडं अमान्य, पूर्ण अमान्य’ एवढ्या चार पायऱ्या पुरेत. ‘सांगता येत नाही’ला वेगळा आकडा द्या आणि तो कधीही या चारपैकी एखाद्या पायरीत ढकलू नका. सार्कसारख्या विषयावर ही उत्तरं बरीच येतील, आणि ती कोणत्या गटात जास्त आहेत हेही तुमचं एक निष्पन्नच आहे. मुलाखतकाराच्या आडनावावरून त्याचा धर्म समोरच्याला लगेच कळतो आणि उत्तर बदलतं. प्रत्येक मुलाखतीवर मुलाखतकाराचा क्रमांक टाका आणि त्यांच्या वस्त्या फिरत्या ठेवा, म्हणजे हा परिणाम नंतर वेगळा काढता येईल.

विश्लेषण टप्प्याटप्प्याने करा. आधी वय, लिंग, शिक्षण, धंदा, भाषा. मग धर्म. मग आचरण. शेवटी आपले-परकेपणाचे प्रश्न. युरोपातही ही काळजी घ्यावी लागते, कारण कॅथलिक आयर्लंड, स्पेन, पोर्तुगाल यांना महासंघाकडून मोठा निधी मिळाला आणि उत्तरेकडच्या श्रीमंत प्रोटेस्टंट देशांनी पैसे भरले. देशाचा फायदा बाजूला केल्याशिवाय धर्माचा परिणाम किती ते कळत नाही. तुमच्याकडे धंद्याचा प्रश्न हेच काम करील. शेवटच्या टप्प्यात धर्माचा आकडा गळून पडला, तर परिणाम ‘आपले-परके’ या रेषेमार्गे जात असण्याची शक्यता मोठी आहे, पण एकदाच केलेल्या पाहणीवरून ‘सिद्ध झालं’ लिहू नका. सामाईक न्यायालयाला १०० जणांनीच हो म्हटलं असेल तर समीकरणात दहापेक्षा जास्त घटक घालू नका. आणि नावं-पत्ते असलेला कागद उत्तरांपासून पहिल्याच दिवशी वेगळा करा. निवडणुकीची आचारसंहिता चालू असताना किंवा शहरात धार्मिक तणाव असताना पाहणी थांबवा. त्या दिवसांत मिळालेली उत्तरं भीतीची असतात, आणि उत्तर देणाऱ्यालाही त्यातून त्रास होऊ शकतो.